विश्लेषण : देश एक, किरणोत्सर्गाचे कायदे नऊ, ऑस्ट्रेलियात नियमांची सांगड का बसत नाही?

हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक किरणोत्सर्गी कुपी २०२३च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियातील महामार्गावर हरवली आणि सहा दिवसांच्या शोधानंतर सापडली. कोणाला इजा झाली नाही. पण त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम एकाच देशात राज्याराज्यांत वेगळे असावेत का? ते एकसारखे करण्याचे प्रयत्न ऑस्ट्रेलियात दोन दशकांहून अधिक काळ चालू आहेत. ते कुठे अडले आणि भारतासाठी त्यात काय धडा आहे?

नेमके काय हरवले होते?

रिओ टिंटो या कंपनीच्या पिलबारा भागातील गुडाई-डारी या लोहखनिजाच्या खाणीत खनिजाची घनता मोजणारे एक यंत्र होते. अशा यंत्रात सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेली छोटी धातूची कुपी बसवलेली असते. हे यंत्र दुरुस्तीसाठी १,४०० किलोमीटरवरील पर्थ शहराकडे ट्रकने रवाना झाले. मुंबईहून दिल्लीला रस्त्याने जावे, साधारण तेवढे हे अंतर. १६ जानेवारीला ट्रक पर्थला पोहोचला. २५ जानेवारीला खोका उघडला, तेव्हा यंत्राचे भाग सुटे झालेले होते आणि कुपी गायब होती. वाटेतील हादऱ्यांनी बोल्ट-स्क्रू निघाले आणि त्या भोकातून कुपी बाहेर पडली, असा अधिकाऱ्यांचा कयास होता.

कुपी आठ मिलिमीटर उंच आणि सहा मिलिमीटर व्यासाची. तिची किरणोत्सर्गाची क्षमता १९ गिगाबेकरेल, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १,९०० कोटी अणूंचे विघटन. तिच्यापासून एक मीटरवर तासभर उभे राहणे म्हणजे सुमारे दहा एक्स-रे काढून घेण्यासारखे, असे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितले. कोणी ती उचलून खिशात ठेवली असती, तर त्वचा भाजली असती आणि जास्त काळ जवळ राहिल्यास गंभीर आजार ओढवला असता. सीझियम-१३७ची निम्मी ताकद संपायला ३० वर्षे लागतात. म्हणजे ती सापडली नसती, तर पुढची पिढीही तिच्या धोक्यात राहिली असती.

१ फेब्रुवारीला शोधपथकाच्या गाडीवरील यंत्राने संकेत दिला आणि न्यूमन या गावाच्या दक्षिणेला, रस्त्यापासून दोन मीटरवर कुपी सापडली. ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून ती टिपली गेली. गवताच्या गंजीत सुई शोधावी, तसा हा शोध यशस्वी झाला.

शोध देशाचा, मग कायदा कोणाचा?

शोधमोहिमेत राज्याची अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा, पोलीस आणि आरोग्य खाते होते. मदतीला केंद्राच्या संस्थाही धावल्या. लष्कर, अणुविज्ञान संस्था ‘अँस्टो’ आणि किरणोत्सर्ग संरक्षण व अणुसुरक्षा संस्था ‘अर्पान्सा’ यांनी माणसे आणि शोधयंत्रे पाठवली. संकट आले तेव्हा केंद्र आणि राज्य हा भेद राहिला नाही.

दोषी कोण आणि त्याला शिक्षा काय, हा प्रश्न आला तेव्हा मात्र केवळ पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १९७५चा किरणोत्सर्ग सुरक्षा कायदा लागू होत होता. त्यातील कमाल दंड होता एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आणि गुन्हा चालू राहिल्यास दिवसाला ५० डॉलर. तेव्हाच्या दराने मूळ दंड साठ हजार रुपयांच्याही आत. जगातील सर्वात मोठ्या खाण कंपन्यांपैकी एकीसाठी ही रक्कम नगण्यच. पंतप्रधान अँथनी अल्बनीज यांनाही हा दंड हास्यास्पद वाटला आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. पण तो वाढवणे त्यांच्या हातात नव्हते. ते काम राज्याच्या विधिमंडळाचे होते. त्याच देशातील इतर काही राज्यांत अशाच चुकीला कितीतरी मोठा दंड होता.

शोधमोहिमेचा खर्च देण्याची तयारी कंपनीने दाखवली, ती स्वतःहून. सुरक्षेचा कायदा इतका दुबळा असला की उरते ती फक्त कंपनीची इच्छा. पुढच्या वेळी कंपनी लहान आणि कर्जबाजारी असेल, तर काय, हा प्रश्न त्यामुळेच गैरलागू ठरत नाही.

एका देशात नऊ कायदे कसे?

ऑस्ट्रेलियाचे संघराज्य १९०१मध्ये अस्तित्वात आले. सहा वसाहती एकत्र आल्या आणि त्यांनी ठरावीक अधिकार केंद्राला दिले. व्यापार, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे गेले. जे लिहिले नाही, ते राज्यांकडे राहिले. किरणोत्सर्ग हा विषय तेव्हा घटनेत येणे शक्यच नव्हते. एक्स-रेचा शोध लागून जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. रुग्णालये, खाणी, कामगारांची सुरक्षा हे विषय राज्यांकडे असल्याने एक्स-रे यंत्रे आणि किरणोत्सर्गी स्रोतही आपोआप त्यांच्याकडे आले.

आज सहा राज्ये, दोन प्रमुख प्रदेश आणि केंद्र अशा नऊ ठिकाणी नऊ कायदे आहेत. न्यू साउथ वेल्स आणि साउथ ऑस्ट्रेलियात हे काम पर्यावरण संरक्षण प्राधिकरण पाहते. व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड, टास्मानियात ते आरोग्य खात्याकडे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यासाठी वेगळी परिषद आहे. कायद्यांची वयेही वेगवेगळी. एक १९७५चा, एक १९९०चा, काही २००५च्या आसपासचे, तर साउथ ऑस्ट्रेलियाचा नवा कायदा २०२१चा.

‘अर्पान्सा’ ही संस्था १९९८च्या केंद्रीय कायद्याने आली. नावावरून ती देशभराची नियामक वाटते. पण तिचा परवाना लागतो तो फक्त केंद्राच्या संस्थांना : लष्कर, केंद्रीय संशोधन संस्था आणि सिडनीजवळच्या लुकास हाइट्स येथील देशातील एकमेव अणुभट्टीला. ‘ओपल’ नावाची ही २० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत असली, तरी तिथे राज्याचा नियामक जात नाही. तिथे तयार होणारे किरणोत्सर्गी औषध मात्र सिडनीच्या रुग्णालयात पोहोचले की त्याचा वापर राज्याच्या कायद्याखाली येतो. तेच औषध मेलबर्नला गेले की कायदा बदलतो. पदार्थ तोच, धोका तोच, पण नियम तीन.

फरक नेमका कोणाला जाणवतो?

मरे नदीच्या एका काठावर न्यू साउथ वेल्समधील ऑल्बरी आणि दुसऱ्या काठावर व्हिक्टोरियातील वोडोंगा ही जुळी शहरे आहेत. रस्तेबांधणीत मातीची घनता मोजायला किरणोत्सर्गी स्रोत असलेले हातात नेता येण्याजोगे यंत्र वापरतात. असे यंत्र बाळगणाऱ्या छोट्या ठेकेदाराला पूल ओलांडला की दुसऱ्या राज्याच्या कायद्याला तोंड द्यावे लागते. अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, परवान्याच्या अटींची भाषा वेगळी.

यावर १९९२च्या परस्पर मान्यता कायद्याचा आधार घेता येतो. एका राज्यात नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला दुसऱ्या राज्याने मान्यता द्यावी, असे हा कायदा सांगतो. २०२१पासून ही मान्यता आपोआप मिळण्याची सोय झाली, पण सर्व राज्ये त्यात एकाच वेळी आली नाहीत. शिवाय ही सोय माणसाच्या परवान्यापुरती आहे. स्रोत बाळगणाऱ्या कंपनीचा परवाना तिच्याबरोबर सीमा ओलांडत नाही.

हा केवळ कागदपत्रांचा जाच असता, तर विषय व्यापाऱ्यांच्या संघटनेपुरता राहिला असता. पण फरक शरीरावरही होतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११मध्ये डोळ्यांच्या भिंगासाठीची मर्यादा मोठ्या प्रमाणात खाली आणण्याची शिफारस केली. पूर्वी कामगाराला वर्षाला १५० मिलिसिव्हर्टपर्यंत मुभा होती. ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०वर आणली गेली, कारण मोतीबिंदू आधी वाटत होते त्याहून कमी मात्रेत होतो, असे दिसून आले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एक्स-रेच्या आधारे नळी घालणारे डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी उभ्या परिचारिका यांच्यासाठी हा बदल मोठा आहे.

देशात हा बदल एका दिवसात लागू करता येत नाही. ज्या राज्याच्या नियमांत राष्ट्रीय संहितेचा थेट उल्लेख असतो, तिथे संहिता बदलली की नियम बदलतो. जिथे आकडाच नियमात छापलेला असतो, तिथे तो बदलायला मंत्रालय, विधी खाते, अधिसूचना अशी सगळी वारी करावी लागते. तोवर दोन शहरांतील दोन परिचारिकांच्या डोळ्यांसाठी कायद्याची मर्यादा वेगळी राहू शकते.

राष्ट्रीय निर्देशिका आहे, मग अडते कुठे?

या विसंगतीची जाणीव ऑस्ट्रेलियाला नव्हती, असे नाही. ‘अर्पान्सा’च्या कायद्यातच देशभर एकसारखी धोरणे आणि पद्धती आणण्याचे काम संस्थेच्या प्रमुखावर सोपवलेले आहे. राज्यांचे किरणोत्सर्ग अधिकारी ज्या समितीत एकत्र बसतात, ती किरणोत्सर्ग आरोग्य समितीही याच कायद्याने तयार झाली. १९९९मध्ये केंद्र आणि राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी राष्ट्रीय निर्देशिका तयार करायचे मान्य केले. तिची पहिली आवृत्ती २००४मध्ये आली, दुसरी २०२१मध्ये.

या निर्देशिकेत परवाना कोणाला लागावा, कोणत्या स्रोताला सूट असावी, अपघात झाला तर काय कळवावे, कोणत्या संहिता पाळाव्यात, हे सगळे लिहिलेले आहे. तिच्यामुळे फायदाही झाला. किरणोत्सर्गी पदार्थांच्या वाहतुकीची आणि स्रोतांच्या सुरक्षेची संहिता आज देशभर बहुतांशी एकच आहे.

अडते ते असे, की निर्देशिका स्वतः कायदा नाही. राज्याने ती आपल्या नियमांत उतरवली, तरच ती लागू होते. उतरवायची कधी, यावर सक्ती नाही. नाही उतरवली, तर परिणाम काहीच नाही. दंड किती असावा, तपासणी किती दिवसांनी व्हावी, तपासनीस किती असावेत, हे तर ज्याचे त्याच्याकडेच राहते. कुपीच्या प्रकरणात हेच दिसले. वाहतुकीचे तांत्रिक नियम आंतरराष्ट्रीय दर्जाचे होते, पण ते मोडल्याची शिक्षा जवळपास अर्ध्या शतकापूर्वीची होती. नियमांची भाषा एक झाली, धाक एक झाला नाही.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी काय सांगितले?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सदस्य देशांच्या विनंतीवरून त्यांच्या नियामक व्यवस्थेची तपासणी करते. ऑस्ट्रेलियात असे पथक २००७मध्ये आले, तेव्हा भर ‘अर्पान्सा’वर होता. २०१८च्या पथकाने मात्र केंद्राबरोबर राज्यांची व्यवस्थाही पाहिली. आंतरराष्ट्रीय जबाबदारी शेवटी देशाची असते, राज्याची नसते, हे त्यामागचे साधे कारण. अपघात झाला, तर जग पर्थला नव्हे, कॅनबेराला विचारते.

या पथकाने बांधिलकीचे कौतुक केले, पण केंद्र आणि राज्यांच्या व्यवस्थेत सुसंगती आणण्यासाठी अधिक नेटाने काम करायला हवे, असेही सांगितले. त्यानंतर पाठपुरावा करणारे पथक २०२३मध्ये येऊन गेले. योगायोग असा, की कुपी हरवण्याची घटनाही त्याच वर्षीची.

एकमत झाले तेव्हा काय घडले?

राज्ये मनावर घेतात, तेव्हा सांगड बसते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातच आहे. त्वचा सावळी करून देणारी अतिनील दिव्यांची केंद्रे तिथे गल्लोगल्ली उघडली होती. २००७मध्ये मेलबर्नमधील २६ वर्षांच्या एका तरुणीचा त्वचेच्या कर्करोगाने मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी तिने या दिव्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. लोकमत तापले. आधी निर्बंध आले, मग न्यू साउथ वेल्सने पूर्ण बंदीची घोषणा केली आणि एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. बहुतेक राज्यांत २०१४ अखेर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०१६पासून व्यावसायिक केंद्रे बंद झाली. प्रत्येकाने आपापला कायदा वापरला, पण निकाल एकच लागला.

दुसरा मार्ग पैशाचा. रुग्णांच्या तपासण्यांचे पैसे केंद्राच्या ‘मेडिकेअर’ योजनेतून येतात. सीटी स्कॅन किंवा एक्स-रे केंद्राला हे पैसे हवे असतील, तर ठरावीक दर्जाची मान्यता घ्यावी लागते. त्या मान्यतेत रुग्णाला दिलेली किरणोत्सर्गाची मात्रा राष्ट्रीय संदर्भ पातळीशी ताडून पाहणेही येते. राज्याच्या कायद्याला हात न लावता केंद्राने देशभर एक शिस्त आणली. घटनेने जे अधिकार दिले नाहीत, ते तिजोरीच्या किल्लीने काही प्रमाणात साधले. खाणीतील यंत्राच्या मालकाला मात्र ‘मेडिकेअर’चे पैसे लागत नाहीत. त्यामुळे हा मार्ग तिथे चालत नाही.

कचऱ्याचा प्रश्न का सुटत नाही?

राज्यांच्या हट्टामागे केवळ अहंकार आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५२ ते १९६३ या काळात ब्रिटनने केंद्र सरकारच्या संमतीने ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर अणुचाचण्या केल्या. माँटेबेलो बेटे पश्चिम ऑस्ट्रेलियातील, तर इमू फील्ड आणि मारालिंगा साउथ ऑस्ट्रेलियातील. मारालिंगाच्या मूळनिवासींना आपली जमीन सोडावी लागली आणि प्रदूषण दशकानुदशके राहिले. १९८०च्या दशकात रॉयल कमिशनने त्या काळातील बेफिकिरीवर कडक ताशेरे ओढले. ‘केंद्र सांगते म्हणून विश्वास ठेवा’ हे वाक्य साउथ ऑस्ट्रेलियात सहज खपत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

देशातील कमी तीव्रतेचा किरणोत्सर्गी कचरा आज शंभराहून अधिक ठिकाणी, रुग्णालयांत, विद्यापीठांत आणि गोदामांत विखुरलेला आहे. एक राष्ट्रीय केंद्र हवे, यावर तज्ज्ञांत फारसे दुमत नाही. पण नॉर्दर्न टेरिटरीतील मकाटी येथील जागा २०१४मध्ये सोडावी लागली. साउथ ऑस्ट्रेलियातील किंबाजवळची जागा २०२१मध्ये जाहीर झाली. तिथल्या बार्नगार्ला मूळनिवासींनी दाद मागितली आणि जुलै २०२३मध्ये फेडरल कोर्टाने तो निर्णय रद्द ठरवला. केंद्राने माघार घेतली. एकसारखे नियम म्हणजे वरून लादलेले नियम नव्हेत, हे या दोन्ही प्रकरणांनी दाखवून दिले.

पाणबुड्यांमुळे गुंता वाढला का?

अमेरिका आणि ब्रिटनबरोबरच्या ‘ऑकस’ करारानुसार ऑस्ट्रेलिया अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घेणार आहे. २०२७पासून मित्रदेशांच्या अशा पाणबुड्या पर्थजवळच्या स्टर्लिंग या नौदल तळावर आळीपाळीने राहणार आहेत. त्यांच्या सुरक्षेसाठी २०२४मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि वेगळ्या नियामकाची तरतूद झाली. स्टर्लिंग आणि साउथ ऑस्ट्रेलियातील ऑस्बोर्न ही जहाजबांधणीची जागा या कायद्याने निश्चित केलेली क्षेत्रे आहेत.

म्हणजे नऊ नियामकांत आणखी एकाची भर पडली. हा नियामक संरक्षणमंत्र्यांच्या अखत्यारीत असल्याने त्याच्या स्वातंत्र्यावर टीकाही झाली, कारण पाणबुड्या वापरणारे खातेही त्यांचेच. तळाच्या कुंपणाच्या आत एक कायदा आणि बाहेर १९७५चा कायदा, अशी स्थिती त्याच राज्यात येणार आहे, जिथे कुपी हरवली होती. तळाबाहेर काही घडले, तर पहिला फोन कोणी कोणाला करायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. आपत्तीत नियमपुस्तिका शोधायला वेळ नसतो.

इतर संघराज्ये काय करतात?

अमेरिकेने १९५९मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वेगळी वाट काढली. केंद्रीय नियामक अणुभट्ट्या स्वतःकडे ठेवतो आणि उद्योग, रुग्णालयांतील किरणोत्सर्गी पदार्थांचा अधिकार करार करून राज्याला देतो. अट अशी, की राज्याची व्यवस्था पुरेशी आणि केंद्राशी सुसंगत हवी. केंद्राचे पथक ठरावीक काळाने तपासणी करते आणि राज्य कमी पडले, तर अधिकार परत घेता येतो. १९६२मध्ये केंटकीपासून सुरुवात झाली, आज सुमारे ४० राज्ये या व्यवस्थेत आहेत.

जर्मनीत कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्यांची. अणुक्षेत्रात राज्ये केंद्राच्या वतीने काम करतात आणि केंद्र त्यांना सूचना देऊ शकते. कॅनडात किरणोत्सर्गी स्रोत केंद्रीय आयोगाकडे, तर रुग्णालयांतील एक्स-रे यंत्रे मुख्यतः प्रांतांकडे.

या तिन्ही देशांत काम वाटलेले आहे, पण किमान पातळी कोण ठरवणार आणि ती पाळली जाते का, हे कोण पाहणार, याचे उत्तर बहुतांशी लिहिलेले आहे. ऑस्ट्रेलियात निम्म्या प्रश्नाचेच उत्तर आहे. पातळी ठरवणारी समिती आहे, पाहणारे कोणी नाही.

भारताची स्थिती वेगळी आहे का?

कागदावर पूर्ण उलटी. आपल्या राज्यघटनेत अणुऊर्जा केंद्रीय सूचीत सहाव्या क्रमांकावर आहे. गमतीचा भाग असा, की सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीतही सहाव्याच क्रमांकावर आहेत. दवाखान्यातील एक्स-रे यंत्र या दोन नोंदींच्या मध्ये उभे असते. किरणोत्सर्ग सुरक्षेचे नियम केंद्राचे आणि नियामक एकच : १९८३मध्ये स्थापन झालेले, मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ. तालुक्याच्या गावातील एक्स-रे केंद्रालाही याच मंडळाचे नियम लागू होतात.

म्हणजे एकसूत्रता आहेच. पण २०१२मध्ये महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, या मंडळाच्या कामाचा अहवाल दिला, तेव्हा चित्र वेगळे निघाले. देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० नोंदणीकृत होती. ९१ टक्के नियमनाबाहेर. राज्यांनी किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालये स्थापन करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये सांगितले होते. अहवालाच्या वेळी ती फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होती.

त्याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल २०१०मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोहोचले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र लिलावात विकले गेले होते. भंगारवाल्यांनी ते फोडले, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. कायदा एकच होता, नियामकही एकच. त्या कपाटापर्यंत पोहोचणारा तपासनीस मात्र नव्हता. त्यानंतर मंडळाने परवान्यांची ऑनलाइन प्रणाली आणली आणि नोंदणी वाढली. तरी यंत्रे गावोगावी पसरत असताना एकट्या केंद्रीय संस्थेने सगळीकडे पोहोचावे, ही अपेक्षा आजही भाबडीच आहे.

मग उपाय काय?

ऑस्ट्रेलियात नियम लिहिणारे पुष्कळ आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. भारतात नियम एक, पण ते पोहोचवणारे हात थोडे. दोन टोकांवरून दोन्ही देश एकाच खड्ड्याशी येतात. धोका अणुभट्टीच्या भिंतीआड नसतो, तिथे पहारा कडक असतो. तो खाणीतल्या यंत्रात, ट्रकच्या खोक्यात, विद्यापीठाच्या बंद कपाटात आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत असतो.

म्हणून सगळे अधिकार कॅनबेराला देऊन टाकावेत, हा उपाय नव्हे. मारालिंगाच्या इतिहासानंतर राज्ये ते मान्य करणार नाहीत आणि स्थानिक खाण, रुग्णालय, रस्ता ओळखणारा तपासनीस राज्याकडेच असतो. करण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. पहिली, राष्ट्रीय निर्देशिकेला मुदत जोडणे. समितीने ठरवलेला बदल अमुक महिन्यांत राज्याच्या नियमांत आलाच पाहिजे आणि शक्य तिथे नियमांनी संहितेचाच थेट उल्लेख करावा, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी वेगळी अधिसूचना लागणार नाही. दुसरी, दंड आणि तपासणीची किमान पातळी त्या निर्देशिकेत आणणे. धाकाविना नियम म्हणजे केवळ सल्ला. तिसरी, कोणत्या राज्याने काय लागू केले आणि काय नाही, याचा तक्ता दरवर्षी लोकांसमोर ठेवणे. अमेरिकी पद्धतीची तपासणी ऑस्ट्रेलियात घटनेमुळे अवघड असेल, पण शेजारच्या राज्याच्या तज्ज्ञांनी तपासणी करून अहवाल जाहीर करायला घटना आड येत नाही.

भारतातही हाच हिशेब उलट बाजूने मांडता येईल. नियम केंद्राचेच राहावेत, पण राज्यांच्या संचालनालयांना माणसे, पैसा आणि अधिकार मिळावेत. कोणत्या जिल्ह्यात किती यंत्रे आहेत आणि त्यांतील किती तपासली गेली, हे नागरिकाला मोबाइलवर पाहता यावे. एक्स-रे काढायला गेलेल्या रुग्णाला यंत्राचा परवाना मागण्याची हिंमत तेव्हाच होईल.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुपी सापडली, कारण ती उजाड रस्त्यालगत पडून होती आणि कोणाच्या हाती लागली नाही. मायापुरीत पदार्थ हातात पडला, तेव्हा माणूस गेला. या दोन घटनांतील अंतर नशिबाने ठरवले. ते नियमांनी ठरवायला हवे आणि त्यासाठी पुढच्या हरवलेल्या कुपीची वाट पाहण्याचे कारण नाही.